पावसाळ्यात मेंढरं न्यायची कुठं?

दिवाळीच्या सुट्ट्या संपवून होस्टेलवर परतताना कल्याण रोडला एसटी अडकली, की समजायचं, पुढं मेंढरं आहेत. टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर, मग माळशेज. ड्रायव्हर हॉर्न मारतो, मागची पोरं मोबाइल बाहेर काढून रील बनवतात. रस्ताभर काळ्या पाठी हलत असतात. कडेनं घोडं चाललेलं असतं, घोड्यावर संसार बांधलेला, वर डालग्यात कोंबड्या आणि एखादं कालच जन्मलेलं कोकरू. पाच मिनिटांत रस्ता मोकळा होतो आणि आपण इअरफोन परत कानात घालतो.

मीही तीन वर्षं हेच केलं. मग रूम पार्टनर म्हणून असा एक जण आला, ज्याचे आई-वडील त्या घोड्याबरोबर चालत होते. तो पारनेर तालुक्यातला. पारनेरमधलं ढवळपुरी आणि आसपासची गावं मेंढपाळांची म्हणूनच ओळखली जातात. दिवाळी झाली की तिथली बिऱ्हाडं घाट उतरून ठाणे-रायगडकडे जातात, भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवतात आणि पावसाच्या तोंडाशी परत वर येतात. मी त्याला विचारलं होतं, कोकणात जायचं म्हणजे किती हाल होत असतील ना? तो हसला. त्याचं म्हणणं होतं, कोकण सोपं आहे रे, अवघड असतं ते घरी.

हे वाक्य मला तेव्हा कळलंच नव्हतं. त्याच्या वहीतलं गणित बघितल्यावर कळलं.

आठ महिने बोलावणं, चार महिने हाकलणं

मेंढपाळाचं वर्ष दोन तुकड्यांत पडतं. ऑक्टोबर ते मे या काळात शेतं मोकळी असतात. शेतकरी स्वतःहून मेंढ्या बोलावतो, कारण रात्रभर वावरात बसलेला कळप लेंडी आणि मूत्र थेट मातीत देऊन जातो. त्याबदल्यात धान्य मिळतं, कधी रोख पैसे. संध्याकाळी वाघर लावायची, म्हणजे कळपाभोवती जाळी ठोकायची, आणि सकाळी ती उचलून पुढच्या तुकड्यावर. युरिया घरपोच मिळायला लागल्यापासून हे बोलावणं कमी होईल असं वाटलं होतं, पण लेंडीखताला मागणी आहेच. म्हणजे या आठ महिन्यांत मेंढीचा चारा फुकट, आणि वर मालकाच्या पोटाला भाकरी.

जूनमध्ये सगळं उलटतं. घाटाखाली पाऊस इतका, की मेंढीचे खूर कुजायला लागतात. घाटावर पेरण्या झालेल्या. वावरात पाय ठेवला तर भांडण. आता कळप जाणार कुठं? गायरानात, माळावर, डोंगरावर आणि फॉरेस्टमध्ये. गायरानं बरीचशी अतिक्रमणात किंवा सरकारी प्रकल्पांत गेली. माळ नांगरून त्यावर कांदा आला. राहिली वनखात्याची जमीन. बोर, बाभूळ, हिवर, खैर यांची विरळ झाडं आणि मधे गवत, असं ते आपल्याकडचं रान. आपण त्याला जंगल म्हणायला तयार नसतो आणि कुरण म्हणायलाही नाही. सरकारी नकाशात अशा कित्येक जमिनी ‘पडीक’ या रंगात रंगवलेल्या असतात. पारनेर, कर्जत, जामखेड या पट्ट्यात वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. एवढ्या पावसावर दाट जंगल होतच नाही. झाडं विरळ असणं हा तिथला बिघाड नाही, तो तिथला स्वभावच आहे.

आणि नेमकी याच चार महिन्यांत ही जमीन बंद असते.

बंद ठेवण्यामागं कारण आहे, ते आधी ऐकून घेऊ. मेंढीचा वरचा ओठ दुभंगलेला असतो, त्यामुळे ती गवत गाईपेक्षा खूप खाली, जमिनीलगत कुरतडते. पहिल्या पावसानं फुटलेला कोंब आठवड्याभरात खाल्ला, परत फुटला, परत खाल्ला, तर मुळातला साठा संपतो. पवना, मारवेल, डोंगरी ही चांगली बहुवर्षायू गवतं अशीच जातात आणि मागं कुसळ उरतं. त्यात ओल्या मातीवर हजारो खूर पडले की जमीन दाबली जाते, पाणी मुरत नाही. गवताला बी धरेपर्यंत थोडी विश्रांती हवी असते आणि मेंढीला त्याच दिवसांत पोट भरायला हवं असतं.

वहीतलं गणित

मित्र बी.कॉम.चा. वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री त्यानं कॉस्टिंगच्या वहीच्या मागच्या पानावर घरचा धंदा मांडला होता. त्याचे आकडे त्याच्या घरचे, म्हणून ते मी इथं देत नाही. पण पद्धत तीच ठेवून सरळ आकड्यांत मांडतो. भाव तुमच्या बाजाराप्रमाणे बदलून घ्या.

समजा 100 मेंढ्यांचा कळप आहे. दख्खनी मेंढीला शक्यतो एकच कोकरू होतं, जुळं क्वचित. मर, लांडगा, पाऊस वजा जाता वर्षाला 80 कोकरं जगली असं धरू. त्यातली 20 कळपात ठेवावी लागतात, कारण म्हाताऱ्या मेंढ्या काढायच्या असतात. उरली 60. तीन-चार महिन्यांचं कोकरू सरासरी 6,000 रुपयांना गेलं तर 3 लाख 60 हजार. लस, औषधं, टेम्पोभाडं, नुकसानभरपाई, दंड, घोड्याचं आणि कुत्र्यांचं खाणं याला 60 हजार धरा. उरले 3 लाख. ऐकायला बरं वाटतं. पण हा धंदा एकट्याचा नाही. दोन माणसं कळपामागं, दोन बिऱ्हाडावर. बिऱ्हाड म्हणजे पाणी, स्वयंपाक, तळ हलवणं, कोकरांना दूध पाजणं, आजारी जनावर बघणं. हे बहुतेक सगळं बायका करतात आणि कुठल्याच हिशेबात ते येत नाही. चार माणसांत 3 लाख म्हणजे माणशी महिन्याला 6,250. दिवसाला 208 रुपये, सुट्टी शून्य. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर 2025-26 मध्ये 312 रुपये होता.

आणि या 208 रुपयांत चारा वर्षभर फुकट धरलाय!

आता ती चार महिन्यांची भानगड मधे आणा. समजा रान पूर्ण बंद आणि कळप घरी बांधून पोसायचा. साधारण 28-30 किलोच्या मेंढीला दिवसाला किलोभर सुका चारा तरी लागतो. 100 मेंढ्या, 120 दिवस, म्हणजे 12 टन. किलोला 5 रुपये धरले तरी 60 हजार रुपये. माणशी रोज 208 वरून 167 वर येतो. पावसाळ्याच्या तोंडावर कडबा 5 रुपयांनी देणारा शेतकरी भेटला तर मलाही कळवा.

सरकारनं हे ओळखलेलं आहे. भटक्या जमाती (क) प्रवर्गातल्या मेंढपाळांसाठी जून ते सप्टेंबर असं चराई अनुदान आहे. किमान 20 मेंढ्या आणि एक नर असेल तर महिन्याला 6,000, चार महिन्यांचे 24,000. महिने अगदी बरोबर निवडलेत, म्हणजे योजना लिहिणाऱ्याला दुखणं कुठं आहे ते माहीत होतं. पण 100 मेंढ्यांच्या कळपाला भागून बघा: मेंढीमागं दिवसाला 2 रुपये. 20 मेंढ्यांच्या कळपाला तेच 10 रुपये पडतात. म्हणजे छोट्या कळपाला खरा आधार आणि मोठ्या, फिरत्या कळपाला चहापाणी. शिवाय ‘राजे यशवंतराव होळकर महामेष योजना’ आहे, त्यात 20 मेंढ्या आणि एक नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो. मेंढ्या वाढतील, छान. वाढलेल्या मेंढ्यांनी ऑगस्टमध्ये उभं कुठं राहायचं, हे त्या अर्जात विचारलेलं नाही.

बरं, हे चार महिने फक्त पोट भरण्याचे नाहीत. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. जून-जुलैत हिरवं खाऊन अंगावर आलेली मेंढी माजावर येते, फळते आणि दिवाळीच्या पुढेमागे विते. म्हणजे जूनमध्ये जी मेंढी हाडाडली, ती नोव्हेंबरात कोकरू देणारच याची खात्री नाही. वर मी 80 कोकरं धरली होती, ती खाली येऊन 65 झाली तर विकायला 45 उरतात आणि 90 हजार रुपये तिथंच गेले. चारा विकत घेण्यापेक्षा न घेणं महाग पडतं ते असं. या एका कारणामुळे मेंढपाळ दंडाची पावती फाडायची तयारी ठेवून रात्रीच्या वेळी बंद रानात शिरतो. गणिताच्या भाषेत तो बरोबर वागत असतो. गवताच्या भाषेत तो पुढच्या वर्षाचं भांडवल खात असतो.

बंदी कोणाच्या खात्यावर?

आपला जिल्हा चराईबंदीसाठी देशभर गाजलेला आहे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही सूत्रं शाळेत पाठ केलेली असतात. 1990 च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम जिल्ह्यात आला, त्याच्याही अटींत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी होती. हिवरे बाजारात पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले, मोकाट चराई बंद झाली, गवत कापून न्यायची पद्धत आली आणि गावात गाईंचं दूध कित्येक पटींनी वाढलं. हे यश खरं आहे. डोंगर हिरवा झालेला डोळ्यांनी दिसतो.

पण कापून आणलेलं गवत गाईला चालतं. गाय गोठ्यात उभी राहते, दूध रोज डेअरीला जातं, रोज पैसे येतात, त्यातून गवत कापणाऱ्याची मजुरी निघते. मेंढीचं उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदा येतं आणि तिचा सगळा फायदाच तिच्या चालण्यात आहे. दख्खनी मेंढीचे लांब पाय, काटक शरीर, कमी पाण्यावर राहण्याची सवय हे सगळं फिरण्यासाठी शेकडो वर्षांत घडलंय. म्हणून चराईबंदीच्या जमाखर्चात जमेची बाजू बहुतेक वेळा बागायतदाराच्या आणि दूधवाल्याच्या नावावर जाते, खर्चाची मेंढपाळाच्या. त्यातून गावात मेंढपाळांची घरं थोडी आणि ग्रामसभा भरते तेव्हा ती कोकणात. ठराव मंजूर!

मला बंदी चुकीची वाटत नाही. बंदीला शेवटची तारीख नसणं चुकीचं वाटतं.

हेही एकदा वहीवर करून बघितलं. समजा 100 हेक्टर झिजलेलं रान आहे. हेक्टरी एक टन सुकं गवत. निम्मं सोडायचं हा साधा नियम, म्हणजे खायला 500 किलो. एका मेंढीला चार महिन्यांना 120 किलो लागलं तर हेक्टरी चार मेंढ्या, सगळ्या रानावर साधारण 400. आता तेच रान दोन-तीन वर्षं राखलं आणि गवत दोन टनांवर आलं. मग त्याचे चार तुकडे केले. दरवर्षी एक तुकडा पावसाळाभर पूर्ण बंद, बी पडेपर्यंत. बाकीच्या तीन तुकड्यांत कळप दोन-तीन आठवड्यांनी फिरवायचा. 75 हेक्टर, हेक्टरी खायला एक टन, भागिले 120: 625 मेंढ्या. म्हणजे पाव रान कायम बंद ठेवूनही दीडपट मेंढ्या बसतात. आकडे माझे सोपे आहेत, पाऊस दगा देईल, काही जागा खडकाळ निघेल. पण दिशा कळते. विश्रांती दिलेलं रान मेंढपाळाच्याच फायद्याचं असतं, फक्त ती दोन-तीन वर्षं तगायला कोणीतरी त्याला मदत करावी लागते. दिवसाला 2 रुपयांचं अनुदान इथं कामाला लावता आलं असतं: ‘हा तुकडा राखा, त्याचे हे पैसे’.

झाडं यात अडथळा नसतात. उन्हाळ्यात गवत संपलं की बाभळीच्या शेंगा हेच मेंढरांचं प्रथिन. शेंगा खाऊन कळप वाड्यात बसतो आणि पोटातून गेलेलं बाभळीचं बी जास्त सहज उगवतं, म्हणून लागवडीसाठी बी वाड्यातून गोळा करण्याची पद्धत आहे. बोरीचा पाला, हिवराची सावली, सगळ्याचा उपयोग. अडचण होते ती चुकीच्या झाडांची. माळरानावर गिरीपुष्पाच्या रांगा लावल्या तर त्या लांबून हिरव्या दिसतात, पण मेंढी त्याला सहसा तोंड लावत नाही आणि खालचं गवत सावलीत मरतं. सुबाभूळ खाते, पण नुसती तीच पोटभर खाल्ली तर तिच्यातल्या मिमोसिनमुळे लोकर गळायला लागते. रोपं लावताना मेंढपाळाला एकदा विचारलं असतं तर त्यानं यादीच दिली असती.

माळरान वाचवणं हे फक्त मेंढीचं काम नाही, ही आणखी एक गोष्ट. कर्जतजवळचं रेहेकुरी काळवीट अभयारण्य बहुतेकांनी सहलीत बघितलेलं असतं. माळढोकसाठी 1979 मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्यात सोलापूरबरोबर आपल्या जिल्ह्याचाही भाग होता. 8,496 चौरस किलोमीटर एवढं ते अवाढव्य होतं, पुढं 1,222 वर आणलं. माळढोक, काळवीट, लांडगा यांना लागतं तेच मेंढीला लागतं: मोकळी, विरळ झाडांची, गवताची जमीन. लांडगा कोकरू उचलतो आणि तरी कित्येक मेंढपाळ तो आपला हिस्सा घेऊन जातो असं म्हणून पुढं चालतात. वनखात्याकडून भरपाई मिळते, पण पंचनामा होईपर्यंत तळ दोन गावं पुढं गेलेला असतो.

कायद्यात जागा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं चराईचा हक्क मान्य केलाय, स्थायिक आणि फिरत्या अशा दोन्ही पशुपालकांचा. पण अनुसूचित जमातीत नसलेल्यांनी 13 डिसेंबर 2005 पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची, वस्ती दाखवायची. ज्याच्या आजोबांचा पत्ता दर आठवड्याला बदलत होता, त्यानं पुरावा आणायचा कुठून? तरीही जुन्या चराईच्या पावत्या, गावच्या ज्येष्ठांचे जबाब, देवस्थानं, पाणवठे हे पुरावे चालू शकतात. लॉ करणाऱ्यांनो, प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर हा घ्या.

बाकी जातीच्या निवडीचा प्रश्न उरतो, तो थोडक्यात. लोकरीचा पैसा संपल्यात जमा आहे. दख्खनीची लोकर जाडीभरडी, मेंढीमागं वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो, आणि कातरणीची मजुरीही त्यातून सुटत नाही. घोंगडी घ्यायला पूर्वीसारखं कोणी येत नाही. म्हणून सगळे मटणाच्या वजनामागं आहेत. जतकडची माडग्याळ मेंढी उंच, वजनदार, भावही जास्त, पण खायलाही तशीच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनीचीच निवड करून वजन वाढवायचं काम चालत आलंय. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या छोट्या गरोल मेंढीतला जुळं देणारा जनुक दख्खनीत आणून ‘सुवर्णा’ तयार केली. जुळं म्हणजे उत्पन्न वाढलं, पण दोन कोकरांना पाजणाऱ्या आईला चाराही तेवढा हवा. सगळे रस्ते फिरून पुन्हा त्याच रानाच्या फाटकाशी येतात.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. अहिल्याबाई जामखेडच्या चौंडीच्या, धनगराची लेक. 2025 मध्ये त्यांच्या जन्माला 300 वर्षं झाली, मोठे कार्यक्रम झाले, आमच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धाही झाली. मित्रानं भाग घेतला नाही. त्या आठवड्यात त्याचे आई-वडील घाट चढून घरी येत होते आणि तो टॅक्सेशनचा पेपर देऊन थेट पारनेरला गेला. पहिल्या कोवळ्या गवतावर आंत्रविषार होतो, संध्याकाळी धडधाकट दिसणारं कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. त्याची लस पावसाआधी टोचावी लागते आणि घरात सिरिंज नीट धरणारा तो एकटा.

जुलैत परत आला तेव्हा मी विचारलं, यंदा कुठं चारताय? गावानं एका टेकडीचा उत्तरेकडचा उतार दसऱ्यापर्यंत राखायचा आणि ओढ्याकडची बाजू कळपांना वाटून द्यायची असं ठरवलं होतं, तोंडीच, लिहून काही नाही. पाच कळपांना किती दिवस कुठली बाजू, हे त्यानंच वहीत आखून दिलं होतं. पहिल्या पंधरा दिवसांत दोनदा भांडणं झाली होती. तिसऱ्या कळपाच्या म्हाताऱ्याला वाचता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी दगडांना चुना लावून हद्दी दाखवल्या. आता तो चुना पावसानं धुऊन गेलाय, असं काल घरून फोनवर कळलं, आणि शनिवारी तो ऑइलपेंटचा डबा घेऊन परत जाणार आहे.